शेवटचा नसलेला दिवस

‘आजचा दिवस आयुष्यातला शेवटचा आहे असं समजून जगा’ हा सल्ला मला कधीच पटला नाही. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण तसा दिवस त्याने जगून पाहिलेला नसतो. खरोखरच शेवटचा दिवस असेल तर दात किडलाय म्हणून डॉक्टरची वेळ कोण घेईल? मुलाला सतराचा पाढा शिकवत कोण बसेल? चादरी भिजत घालणं, रोपाची कुंडी बदलणं, विम्याचा हप्ता भरणं, हजार पानी पुस्तकाचं पहिलं पान उघडणं, यातलं एकही काम त्या दिवशी होणार नाही. त्या दिवशी माणूस फोनामागून फोन करेल, रडेल, माफी मागेल, जवळच्यांचे हात सोडणार नाही. असा दिवस एकदा येतो तेव्हा येवो. सलग दोन दिवस तसं कुणालाच जगता येणार नाही आणि अशा माणसासोबत राहणाऱ्यांना तर ते मुळीच सोसणार नाही.

पण खरा आक्षेप वेगळा आहे. रोजच्या जगण्यातलं आपलं बहुतेक प्रेम उद्यासाठी केलेल्या कामांत असतं. सायकल शिकणाऱ्या मुलाची मागून धरलेली सीट एका क्षणी सोडून देणं. आईच्या गोळ्या आठवड्याच्या डबीत वारावारीने भरून ठेवणं. नव्याने कामाला लागलेल्याला आपल्या हातातलं कसब तोच प्रश्न दहादा विचारला तरी समजावून सांगणं. उद्या उजाडणार आहे या भरवशावरच ही कामं होतात. तो भरवसा काढून घेतला की माणूस वर्तमानात येतो असं म्हणतात. मला तर तो फक्त घाईला येतो असं दिसतं.

आणि तरीही मरणाचं भान अजिबात नसताना कुणी नीट जगू शकेल, असंही मला वाटत नाही. वेळ अमर्याद आहे असं धरून चाललं की काहीही कधीही करता येतं, म्हणून मग काहीच करावं लागत नाही. ‘भेटू या कधीतरी’ हे वाक्य त्याच समजुतीतून येतं. मी ते अनेकांना म्हटलं आहे आणि त्यातले काही जण आता नाहीत.

वनपर्वातली यक्षाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. सर्वांत मोठं आश्चर्य कोणतं, असं यक्ष विचारतो. रोज प्राणी यमाच्या घरी जात असतात आणि मागे उरलेले मात्र कायमचं राहण्याची इच्छा धरतात, याहून मोठं आश्चर्य कोणतं, असं युधिष्ठिर उत्तर देतो. हा संवाद बहुधा इथेच थांबवतात आणि माणूस किती मोहात बुडालेला आहे याचा दाखला म्हणून तो सांगतात. मला त्याच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. युधिष्ठिर हे बोलतो तेव्हा त्याचे चारही भाऊ तळ्याच्या काठी निपचित पडलेले आहेत. यक्ष प्रसन्न होऊन म्हणतो, यातला एक भाऊ जिवंत करतो, कोणता ते सांग. मरण अटळ आहे हे नुकतंच स्वतःच्या तोंडाने सांगितलेला हा माणूस ‘मग कशाला कुणाला उठवायचं’ असं म्हणत नाही. तो नकुलाला मागतो. का, तर कुंतीचा एक मुलगा, म्हणजे मी, जिवंत आहे. माद्रीचाही एक असावा. युद्धात उपयोगी पडणारे भीम-अर्जुन सोडून त्याने हे मागितलं. मरणाचं भान माणसाला काय देऊ शकतं, हे मला त्या उत्तरापेक्षा या मागणीत जास्त स्पष्ट दिसतं. ते भान त्याला अलिप्त करत नाही. कुणाचा विचार करायचा राहून जाईल, तिकडे ते त्याचं लक्ष वळवतं.

जीवशास्त्राने मृत्यूबद्दल शोधलेली एक गोष्ट मला फार आवडते. सुमारे एक मिलिमीटर लांबीचा सीनोरॅब्डायटिस एलेगन्स नावाचा एक पारदर्शक कृमी आहे. जॉन सल्स्टन या शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्याच्या एकेका पेशीचा वंश तपासला. हा कृमी घडताना १,०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या नेमक्या १३१ मरतात. प्रत्येक कृमीत त्याच पेशी, त्याच टप्प्यावर. उरलेल्या ९५९ पेशींचा मिळून तो कृमी होतो. अशा ठरवून होणाऱ्या पेशीमृत्यूच्या संशोधनासाठी सल्स्टन, सिडनी ब्रेनर आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांना २००२ चं नोबेल मिळालं. आपला तळहातही असाच घडलेला आहे. गर्भात तो आधी एखाद्या वल्ह्यासारखा सलग असतो. मधल्या पेशी मरतात आणि बोटं सुटी होतात. म्हणजे हे अक्षर लिहिणारी बोटं मला जन्माआधीच्या मरणांनी दिली आहेत.

हे वाचून मला आनंद झाला होता, दिलासा मिळाला नव्हता. दिलासा मिळाल्याचं नाटक मला करायचं नाही. पेशी मरणं आणि माणूस मरणं यांत फार अंतर आहे. बोटांमधली पेशी कुणाची वाट पाहत नव्हती आणि तिचीही कुणी पाहत नव्हतं.

एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाचा युक्तिवादही मला असाच अर्धा वाटतो. आपण आहोत तोवर मृत्यू नाही आणि मृत्यू येतो तेव्हा आपण नाही, मग भ्यायचं कशाला, असं तो म्हणे. स्वतःच्या मरणापुरतं हे बिनतोड आहे. पण आपण आयुष्यभर ज्या मरणासोबत राहतो ते बहुतेक दुसऱ्याचं असतं, आणि तिथे आपण पूर्णपणे हजर असतो.

मी हजर होते ती माझ्या आत्याच्या शेवटच्या वर्षात. सत्तरी ओलांडलेली, ताठ चालणारी, कुणाचंही शुद्धलेखन सुधारणारी आत्या. कर्करोग सापडला तेव्हा तो पसरलेला होता आणि डॉक्टरांनी आता महिन्यांच्या हिशेबात बोलायला हवं असं सांगितलं. त्याच्या थोडं आधी तिने उर्दू लिपी शिकायला घेतली होती. जन्मभर गझला ऐकल्या, आता त्या वाचायच्या आहेत, म्हणाली होती. निदान झाल्यावर ते बाजूला पडेल असं आम्ही न बोलता गृहीत धरलं. तिने शिकवणाऱ्या बाईंना घरी यायला सांगितलं. त्यांनी प्रेमापोटीच सुचवलं की मुळाक्षरं सोडून थेट एखादी सोपी गझल घेऊ या, तेवढा आनंद तरी मिळेल. आत्याने नकार दिला. अलिफ, बे, पे या क्रमानेच शिकायचं, अक्षर शब्दाच्या सुरुवातीला कसं दिसतं, मध्ये कसं, शेवटी कसं, हे सगळं गिरवायचं. अलिफ, दाल, रे, वाव ही अक्षरं पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत, मागच्याला मात्र जोडून घेतात, हे तिने मला वही दाखवून समजावलं होतं. त्या दिवशी तिला बसायला त्रास होत होता.

“आत्या, कंटाळा नाही का येत गं?” मी विचारलं.

“तुला जे विचारायचंय ते सरळ विचार. उपयोग काय, असंच ना?”

“हो.”

“मग मी पहिल्यांदा ठरवलं तेव्हा तरी काय उपयोग होता? तेव्हा तर कुणी विचारलं नाही.”

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. आजही नाही.

त्या महिन्यांत मी एक गोष्ट जवळून पाहिली, जी आधी कुठे वाचली नव्हती. माणूस मरणार हे कळलं की भोवतीचे लोक त्याच्याबद्दल भूतकाळात बोलू लागतात. तिच्याच खोलीत, तिच्या पलंगाच्या पायथ्याशी बसून एक नातेवाईक म्हणाल्या, “किती हौशी होत्या हो.” आत्या उशीवरून म्हणाली, “आहे अजून.” दुसरं म्हणजे तिच्याशी भांडायचं सगळ्यांनी सोडून दिलं. आमच्या घरात आत्याचं मत आणि त्यावर कुणाचा तरी विरोध हा नेहमीचा प्रकार होता. आता ती काहीही बोलली की सगळे माना डोलवायचे. तिला ते फार लागलं. “माझ्याशी कुणी वादच घालत नाही आता,” ती एकदा खरोखर रडली होती. वेदनेने ती रडलेली मी क्वचित पाहिली, यावरून रडली. तिच्या जावेशी तिचं कितीतरी वर्षांपूर्वीच्या एका प्रसंगावरून वाकडं होतं. सगळ्यांना वाटलं, आता दोघी गळ्यात पडतील. काकू आल्या, बसल्या, आणि आत्याने तो जुना विषय काढून आपली बाजू पुन्हा मुद्देसूद मांडली. काकूंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि मग त्यांनीही आपली बाजू मांडली. आवाज चढले. आम्ही दारात कासावीस. पण त्या दिवसानंतर काकू रोज येऊ लागल्या. मरणाऱ्या माणसाला क्षमा, शांती, निरोप याच गोष्टी हव्या असतात हे आपण ठरवून टाकलेलं असतं. त्याला कदाचित बरोबरीची वागणूक हवी असते.

मरणाच्या छायेत वर्तमानात कसं राहावं यावर जगभर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यातल्या बऱ्याच लिखाणात वेदनेचा विषय नसतोच, याचा मला राग येतो. शरीर ठणकत असताना वर्तमानासारखा तुरुंग नाही. आत्याला काही आठवडे असे काढावे लागले. दुखलं की गोळी द्यायची, अशी पद्धत होती. मग ती घड्याळाकडे बघत राहायची. मागची गोळी कधी घेतली, पुढची मागितली तर देतील का, आत्ता बरं वाटतंय पण हे किती वेळ टिकेल. वही उशाशी होती, पण ती उघडायला मन जागेवर नव्हतं. नंतर वेदनाशमनातल्या एका जाणत्या डॉक्टरांनी औषध ठरलेल्या वेळांना, दुखणं डोकं वर काढायच्या आधीच द्यायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत आत्याने पेन्सिलीला टोक काढून मागितलं.

औषध मागणीनुसार न देता घड्याळानुसार द्यायची ही पद्धत रुजवण्यात ब्रिटनमधल्या सिसिली सॉन्डर्स यांचा वाटा फार मोठा आहे. आधी परिचारिका, मग रुग्णांची सामाजिक कार्यकर्ती आणि मग, मरणासन्न रुग्णांच्या वेदनेकडे वैद्यकशास्त्र लक्षच देत नाही हे पाहून, चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर झालेली ही बाई. रुग्णाला वेदनेची वाट पाहायला लावू नका, हे त्यांनी लावून धरलं. वेदना फक्त शरीराची नसते, तिच्यात मनाची, नात्यांची, श्रद्धेची वेदना मिसळलेली असते, हेही त्या सांगत राहिल्या. माणसाला शांतपणे मरायला मदत करायची, तशीच मरेपर्यंत जगायलाही करायची, असा त्यांचा आग्रह होता. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारं घर, उभं केलं आणि आजच्या उपशामक सेवेची, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरची, वाट तिथून रुंद झाली.

पण त्या संस्थेची सुरुवात मला फार हलवून जाते. १९४८ मध्ये डेव्हिड तास्मा नावाचा एक तरुण लंडनच्या रुग्णालयात कर्करोगाने मरत होता. पोलंडमधून आलेला ज्यू निर्वासित, वय चाळीस, जवळचं म्हणावं असं कुणी नाही. सॉन्डर्स त्याच्याशी बोलत बसत. त्याच्यासारख्या माणसांसाठी वेगळी जागा असायला हवी, असं त्यांच्या बोलण्यात येई. जाताना त्याने आपली ५०० पौंडांची पुंजी त्यांच्यासाठी ठेवली. तुझ्या घरातली एक खिडकी मी होईन, असं तो म्हणाला होता. घर कुठेच नव्हतं. जमीन नव्हती, आराखडा नव्हता, सॉन्डर्स तेव्हा डॉक्टरही झालेल्या नव्हत्या. त्या खिडकीभोवती घर बांधायला १९ वर्षं लागली. सेंट ख्रिस्तोफर्समध्ये ती खिडकी आहे.

शेवटचा दिवस समजून जगा, असं सांगणाऱ्यांना मला हा माणूस दाखवावासा वाटतो. त्याचा खरोखर शेवट आला होता आणि तो काय करत होता? ज्या घराचा पाया खणलेला तो पाहणार नव्हता, त्यात खिडकी बसवत होता. त्याचं वर्तमान त्याच्या आयुष्याहून लांब होतं. मला वाटतं वर्तमानाबद्दलची आपली कल्पनाच फार अरुंद आहे, आपण ते पुढून-मागून कापून घेतो आणि मग त्यात मावत नाही म्हणून तळमळतो.

मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञांचा २०१० मधला एक अभ्यास वर्तमानाच्या गप्पांत हमखास येतो. त्यांनी २,२५० जणांना दिवसभरात मधूनच फोनवर गाठून विचारलं की आत्ता काय करता आहात, मन त्यातच आहे का, आणि कसं वाटतंय. नोंदींपैकी ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. आणि मन भटकत असताना माणसं कमी समाधानी होती. छान गोष्टींकडे भटकलेलं मनही कामात असलेल्या मनापेक्षा जास्त सुखी नव्हतं. मी हे आकडे खरे मानते. माझ्या स्वतःच्या मनाला तर ते तंतोतंत लागू पडतात. पण त्यावरून मन भटकणं हा सुटका करून घेण्याजोगा आजारच आहे, असा अर्थ काढतात, तिथे माझं जमत नाही. गेलेली माणसं मला भेटतात ती मन भटकतं तेव्हाच. भांडी विसळताना, सिग्नलला थांबले असताना आत्या येते, काहीतरी बोलते. त्या क्षणी मी विसळण्यात नसते हे खरं. माझा मूड मोजला तर तो थोडा खालीच भरेल, हेही खरं. पण तिच्याशी होणारी माझी ती एकमेव भेट आहे आणि समाधानाचा आकडा वाढावा म्हणून मी ती देऊन टाकणार नाही.

गाणं ऐकताना काय होतं ते पाहिलं तर हे सोपं होतं. फक्त आत्ताचा स्वर ऐकू येत असेल तर ते गाणं ऐकू आलं असं म्हणता येणार नाही. आत्ता लागलेला गंधार गंधार वाटतो, कारण आधीचा षड्ज कानात अजून सरलेला नसतो आणि सूर कुठे जाणार याची ओढ आधीच लागलेली असते. मागचं थोडं आणि पुढचं थोडं धरूनच तो क्षण सुरेल होतो. समेची वाट पाहणं हे वर्तमानातून पळणं नाही, तो त्या वर्तमानाचाच भाग आहे. तान घेणाऱ्याला हेही ठाऊक असतं की मैफल संपणार आहे. भैरवी होणारच. तरी विलंबित घाईत उरकत नाहीत.

मरणाच्या स्मरणाबद्दल पाली परंपरेत एक प्रसंग आहे. भिक्खूंना बुद्ध विचारतात, तुम्ही मरणाचं स्मरण कसं करता? एक म्हणतो, एक दिवस-रात्र जगायला मिळालं तर उपदेश मनात धरेन, पुष्कळ काही साधेल, असं मी चिंतन करतो. दुसरा म्हणतो, एक दिवस मिळाला तर. कुणी म्हणतो, एक भोजन होईपर्यंत मिळालं तर. कुणी चार-पाच घासांपुरतं मागतो, कुणी एका घासापुरतं. शेवटचा म्हणतो, श्वास आत घेऊन बाहेर सोडेपर्यंत मिळालं तर. बुद्ध म्हणतात, शेवटचे दोघे जागे आहेत. बाकीचे अजून गाफील आहेत. मी बरीच वर्षं हा प्रसंग ‘प्रत्येक श्वास शेवटचा माना’ अशा अर्थाने वाचत होते आणि तो मला कठोर वाटायचा. आत्यानंतर तो मला वेगळा दिसतो. ‘मिळाला तर पुष्कळ साधेल’ असं एका श्वासाबद्दल तो भिक्खू म्हणतो आहे. म्हणजे एका श्वासात साधता येण्यासारखं पुष्कळ आहे, असं त्याला वाटतं. दिवस मागणाऱ्याला दिवसभराचं आयुष्य लागतं, तेव्हा त्याला पुरेसं वाटेल. याला एवढंच पुरतं. आत्या एका बैठकीत एक अक्षर घेत होती. सुरुवातीचं, मधलं, शेवटचं रूप गिरवलं की त्या दिवसाचं काम पूर्ण. गझल राहिली होती, पण त्या दिवसाचं काही राहिलं नव्हतं.

वेळ थोडा उरला हे कळल्यावर माणसाच्या निवडी बदलतात, याबद्दल स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन यांनी अनेक वर्षं काम केलं आहे. वय वाढतं तशी माणसं नव्या ओळखींपेक्षा जुनी, जवळची माणसं निवडू लागतात. हे म्हातारपणामुळे होतं असं वाटेल. त्यांचं म्हणणं आहे की ते पुढे किती वेळ दिसतो यामुळे होतं. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे जाणार होतं आणि ती तारीख तोंडावर आली, तेव्हा तिथल्या तरुणांच्या निवडीही म्हाताऱ्यांसारख्या जवळच्या माणसांकडे झुकल्या. वर्षभराने तरुण पुन्हा तरुणांसारखे निवडू लागले. मरणाचा प्रश्नच नव्हता, फक्त काहीतरी संपतंय अशी भावना होती. मला यातला परत जाण्याचा भाग विशेष वाटतो. भान येतं आणि ओसरतं. स्मशानातून परतताना प्रत्येकाला सगळं लख्ख कळलेलं असतं आणि आठवडा उलटायच्या आत आपण पूर्ववत चिडत, टाळत, उशिरा निघत असतो. याबद्दल लोक स्वतःला दोष देतात. मी देत नाही. चोवीस तास ते भान पेलत कुणालाच जगता येणार नाही, विसर पडतो म्हणूनच तर आपण पुन्हा कुंडी बदलायला घेतो. भान ओसरण्याआधी त्यातून काहीतरी पक्कं करून ठेवलं तरी खूप झालं.

म्हणून मी कागद करून ठेवले. मृत्युपत्र, आणि त्याहून अवघड असा दुसरा कागद. मी बोलू शकणार नाही अशी वेळ आली तर निर्णय कुणी घ्यायचा, कुठवर उपचार करायचे, यंत्रावर ठेवायचं की नाही, वेदना होऊ द्यायची नाही हे सगळ्यांत वर. हे लिहिताना मला कसलीही शांती मिळाली नाही. हात थंड पडले होते. रात्री मध्येच जाग येते तेव्हा जी भीती वाटते ती आजही वाटते, तिच्यावर मला उपाय सापडलेला नाही आणि कुणाला सापडला असेल तर मी मनापासून ऐकेन. पण आत्याच्या वेळी तिला काय हवंय हे आम्ही तिच्या खोलीबाहेर उभं राहून कुजबुजत ठरवत होतो, ते माझ्या माणसांवर येऊ नये एवढं मला करता आलं.

दादाला मी हे सांगितलं तेव्हा तो उखडला. “असं अभद्र बोलू नकोस.” मी म्हटलं, “दादा, तूही करून ठेव.” त्याने विषय बदलला आणि मग बरेच दिवस फोन केला नाही. तो माझ्याहून मोठा आहे, आई-बाबांच्या वेळी सगळं त्यानेच उचललं होतं. माझ्याबद्दल असं काही ऐकणं त्याला जड गेलं असणार, म्हणून मीही लावून धरलं नाही.

मग एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. “तो तुझा कागद आहे ना, त्यात यंत्राचं काय लिहिलंस तू? आणि निर्णय घेणारं माणूस एकच लिहायचं की दोन?” मी सांगितलं. तो प्रत्येक मुद्द्यावर वाद घालत होता. तुझं हे चूक आहे, बरं व्हायची शक्यता असेल तर यंत्र लावायचंच, शक्यता किती ते कोण ठरवणार, वहिनीवर हे ओझं टाकायचं नाही, पण मग तिला विचारायचंच नाही का. आम्ही दोघांनी आवाज चढवले. आई-बाबांच्या शेवटच्या दिवसांबद्दल आम्ही कधीच बोललो नव्हतो, ते बोललो. बाबांना त्या रात्री हलवायला नको होतं असं त्याला इतकी वर्षं वाटत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी तिथेच होते, बाबांनी स्वतःच हलवायला सांगितलं होतं, हे त्याला माहीतच नव्हतं.

बोलणं तिथून कुठल्या कुठे गेलं. त्याच्या गुडघ्यावर, माझ्या कामावर, त्याच्या नातवाने नव्याने लावलेल्या प्रश्नांच्या सपाट्यावर. तबला पुन्हा सुरू करायचा विचार आहे म्हणाला, कॉलेजात असताना सोडला होता, हात वळायला दोन-तीन वर्षं लागतील असं त्याचे शिक्षक म्हणाले. मी म्हटलं, मग येऊ का ऐकायला? ये की कधीतरी, तो म्हणाला. मग थांबला. कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला आणि त्याने पुढच्या महिन्यातली तारीख सांगितली.